इस्टँड नाही, मडघाट नाही

पुण्याच्या माणसाला डोंगरी सायकल लागते ती दगड शोधत जायला. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडच माणूस शोधत येतो. जाम नदीच्या पात्रात पळसाचा झेंडा रोवायचा, एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मग दिवसभर गोटमार. प्रशासनानं मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. अशा गावात माझा पुण्याचा भाचा दगडांचे धक्के सोसणारी सायकल घेऊन आला.

सायकल कार्बनची. पुढं शॉक, मागं शॉक, दोन्हींत हवा. काळ्या धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, साच्यात थरावर थर चढवायचे आणि तापवून पक्के करायचे, अशी तिची चौकट होते, हे भाच्यानं आजीला समजावून सांगितलं.

“म्हंजे कापडाचीच झाली नं!” आई म्हणाली.

जन्मभर कापूस वेचून कापडाला हा भाव तिनं कधी ऐकला नव्हता. बरं, तिला सांगितलेला भाव खरा नव्हताच. कोणी किंमत विचारली की आम्ही शेवटचं एक शून्य खाऊन सांगत होतो. तरीही लोक म्हणत, फसवलं पोराला.

सायकल खोक्यातून अर्धी सुटी आली होती, म्हणून आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली. “गुरुजी, याले कॅरिअर नाही, इस्टँड नाही, मडघाट नाही, घंटी नाही. मंग पैसे कायचे घेतले?” मी पस्तीसएक वर्षं गणित शिकवलं, पण या वजाबाकीचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

त्याच्या दुकानात सायकली सीटखाली दोर घालून कडुनिंबाच्या फांदीला टांगतात. भाच्यानं ते पाहिलं आणि गप्प झाला, कारण कार्बनच्या नळीला शिकंजा लावू नये, सायकल सीटच्या दांड्यावर तोलावी, असंच त्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पुढची गडबड हँडलवर झाली. आमच्याकडे आवळायची मापं दोन: हातानं आणि कचकचून. पुस्तिकेला पाच न्यूटन-मीटर हवे होते, एक कण जास्त नाही, नाहीतर कार्बन चिरडतो. म्हणून आधी त्या जागी बारीक खरखरीत लेप लावायचा, म्हणजे कमी आवळूनही हँडल घसरत नाही. मग मोजमापाचा पाना. ठरलेला जोर आला की हा पाना ‘कट्ट’ वाजतो. तो वाजला, तसा मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. “गेला आटा!” त्याच्या उभ्या हयातीत त्या आवाजाचा दुसरा अर्थ निघाला नव्हता.

या सायकलींचा इतिहास त्याला आवडेल असं मला वाटलं. 1976 साली कॅलिफोर्नियाच्या मारिन परगण्यात काही पोरं जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायची. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलटं पेडल मारलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापे की आतलं ग्रीस धूर होऊन जाई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं भरावं लागे. त्यावरून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातली मंडळी पुढं डोंगरी सायकली बनवून जगभर नावाजली. मिस्त्रीनं सगळं नीट ऐकून घेतलं. “आन् ग्रीस भरणाऱ्याचं नाव काय झालं?”

खरा सोहळा मागच्या शॉकचा. स्वार नुसता बसला की शॉकनं ठरावीक दबलं पाहिजे. आमच्या शॉकची चाल 50 मिलिमीटर, त्यातले 30 टक्के, म्हणजे 15 मिलिमीटर. किती दबला ते दांड्यावरचं रबरी कडं सरकून दाखवतं. पण हवा किती भरायची हे ठरवायला स्वाराचं वजन लागतं, तेही हेल्मेट, पिशवी, पाण्यासकट. घरात काटा नाही, म्हणून वरात निघाली संत्र्याच्या आडतीवर. पूर्ण पोशाखातला भाचा काट्यावर उभा राहिला. आकडा आला 76. आडत्यानं वहीत 74 लिहिले. दोन किलो कशाचे कापले, असं विचारलं तर म्हणाला, “कापाच लागते.”

भाच्यानं 74 ची हवा भरली, आणि कडं 15 च्या थोडं पुढं जाऊन थांबलं. म्हणजे 30 टक्क्यांच्या वर! आडत्याच्या कापणीचा एवढा काटेकोर पुरावा आजवर कोण्या शेतकऱ्याला मिळाला नसेल. मी तो लिहून ठेवला आहे.

चाकांत ट्यूब नव्हती. टायरात पांढरा चिकट द्रव ओततात. काटा घुसला की हवेबरोबर तो भोकाशी येतो आणि तिथंच सुकून बसतो. बाभळीच्या काट्यांवर त्याची परीक्षा झाली आणि तो पास झाला. घमेलंभर पाणी घेऊन बुडबुडे शोधणाऱ्या मिस्त्रीला हे पटलं, पण आवडलं नाही. त्याच्या पोटावरच पाय होता तो.

नापास झाली ती सायकल. संत्र्याच्या बागेतून काळ्या मातीत शिरली आणि थोड्याच अंतरात चाकं चौकटीला चिकटली. काळ्या मातीबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. खुरपीनं खरवडावं तर कार्बनवर ओरखडे पडतात. शेवटी मिस्त्रीनं सरपणातून पऱ्हाटीची एक जाडशी काडी उचलली, टोक चपटं तासलं आणि ट्यूबच्या पट्टीनं चौकटीला बांधून दिली. लाकूड असल्यानं ती कार्बनला ओरखडत नाही. त्या सायकलीवरचा सगळ्यात उपयोगी भाग तोच, आणि फुकटचा. घंटीची उणीव गल्लीतल्या पोरांनी भरून काढली: तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे घुंगरू त्यांनी हँडलला बांधले. भाच्यानं ते अजून सोडलेले नाहीत.

तुमच्याकडे अशी सायकल असेल तर जरूर या. 2023 साली आमचा जिल्हा झाला. तालुके दोनच, पांढुर्णा आणि सौंसर, त्यामुळे चुकायची भीती नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाम नदीकडे फिरकू नका. त्या दगडांवर कुठलाच शॉक चालत नाही. सौंसरला जा, जामसावळीला पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घ्या, छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानीचा घाट चढा. आणि वजन आडतीवर केलंत तर त्यात दोन किलो मिळवून मगच हवा भरा.