डँबिस, मुक्काम पांढुर्णा

पैसे मराठीत मागायचे आणि हिंदीत बुडवायचे हा ज्याचा शिरस्ता, तो गृहस्थ मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या टापूत वाचकांना भेटलेला असणारच. "भाऊ, दोन हजार देजो ना, आंबिया बहाराचे पैसे आले का घरी आणून देतो," हे तो इतक्या मायेने म्हणतो की देणाऱ्यालाच आपल्यावर उपकार झाल्यासारखं वाटतं. आंबियाची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात जाऊन विकूनही होतात. मग तगादा लावला की गृहस्थ एकाएकी भोपाळचा होतो. "देखिए भाईसाहब, अब मृग बहार पर ही कुछ होगा!" तगादाच हिंदीत लावून पाहावा, तर तो मराठीत रडतो.

अशाला लबाड म्हणून मोकळं होता येत नाही. त्याला 'डँबिस'च म्हणावं लागतं, आणि हा शब्द साहेबाच्या 'डॅम बीस्ट' या शिवीतून आला असं सांगतात. नरकात जाण्याच्या लायकीचं जनावर, एवढाच त्या शिवीचा अर्थ. त्यात कौतुकाचा लवलेश नाही. मराठीत मात्र आजी नातवाला डँबिस म्हणते तेव्हा तो नरकात जावा अशी तिची मुळीच इच्छा नसते. कुणी म्हणेल, परक्या शिव्या अंगवळणी पडल्या की बोथट होतातच. तसं असतं तर 'लोफर'ही बोथट झाला असता. तोही इंग्रजीच, पण नातवाला लाडाने कुणी लोफर म्हणत नाही. फरक माणसात आहे. लबाड आपली लबाडी लपवतो, लोफरला लपवण्याइतकंही कसब नसतं. डँबिस सगळं चारचौघांत करतो आणि फसणाराही मनातल्या मनात दाद देतो.

आता पांढुर्ण्यात असल्या माणसाला नुसतं 'चालू' म्हणतील, आणि दोन भाषा तर तिथे सगळेच बोलतात, हा आक्षेप रास्त आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा टापू ज्यात होता तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून इथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, कागद मात्र हिंदीच राहिले. पण इतरांनी हे ओझं वाहिलं, डँबिसाने त्यावर संसार चालवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव दगड फेकतं, डोकी फुटतात. डँबिस त्या दिवशी घराबाहेर पडत नाही. देणेकरी तो दोन्ही काठांचा, आणि हातात दगड असलेल्या सावकाराशी कुठल्या भाषेत बोलावं हे अजून त्याला सुचलेलं नाही.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, त्याच्या पदरात टाकावी लागेल. सरकारी अर्जाला जी भाषा चालत नाही, तिने अजूनही माणसाचं मन वळतं, हे या पट्ट्यात त्याच्याइतकं कुणी ओळखलेलं नाही. भाषेच्या अभिमान्यांनी मराठीला हार घातले. रोजच्या कामाला तिला लावलं ते याने. तेव्हा त्याला उसने जरूर द्यावेत. लिहून मात्र घेऊ नये. दोन्ही भाषांची लिपी एकच, आणि सही नेमकी कुठल्या भाषेतली यावर तो पुढचा आंबिया येईपर्यंत वाद घालील.