थंड हवेचा तहनामा

१८२९ साली खंडाळा गावाच्या मोबदल्यात साताऱ्याच्या छत्रपतींकडून महाबळेश्वरचे पठार मिळविताना गव्हर्नर माल्कम साहेबाने जो तह केला, तो, आज डिसेंबरअखेर दोन रात्रींसाठी तेथे जाऊ पाहणाऱ्या पुणेकर कुटुंबातील वाटाघाटी ज्याने पाहिल्या आहेत त्याला, फारच सोपा वाटेल. अंतर अवघे १२० किलोमीटर; परंतु पसरणीच्या घाटात वळणावळणाला ज्यांचे पित्त खवळते त्या मावशींना पुढील आसनाची सनद द्यावी, की नकाशा वाचण्याची मुखत्यारी परस्पर स्वतःकडे घेतलेल्या काकांना, या एका कलमावर मसुदा तीनदा तहकूब होतो. आजींना क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेचे दर्शन हवे असते, नातवंडांना वेण्णा तलावावरची नौका. आणि निरभ्र, निवांत पहाटे त्याच तलावाकाठी दवबिंदू गोठून जे हिमकण होतात ते पाहण्याचा ठराव मात्र, त्या वेळी आपण उठणार नाही अशी प्रत्येकाला अंतर्यामी खात्री असल्यामुळेच की काय, एकमताने संमत होतो. ज्या थंडीसाठी हा सारा खटाटोप, तिच्याविरुद्ध बंदोबस्त म्हणून कानटोप्या, रजया आणि सुंठीची पूड यांनी गाडीचा मागचा भाग इतका व्यापला जातो की स्ट्रॉबेरी आणायची कशात, हा प्रश्न उरतो. त्यावर घरच्या कारभारीणबाईंचा निकाल असा, की ती परतल्यावर मंडईतच घ्यावी, तेथे स्वस्त मिळते.