पोरांनो, खेळा, टाकी भरायचीय!

आपल्या जिल्ह्याच्या पाणीटंचाईवर अखेर तोडगा सापडला, आणि तो थेट दक्षिण आफ्रिकेतून येतोय. प्रकल्प सल्लागार साहेबांनी परवा पडद्यावर चित्रं दाखवली. शाळेच्या आवारात गोल फिरणारी चक्री बसवायची. पोरं खेळली की खालचा पंप चालतो, पाणी उंच टाकीत चढतं. टाकीच्या चारही अंगांना फलक. त्यावर जाहिराती घ्यायच्या, त्या पैशातून दुरुस्ती. पोरांना करमणूक, बायांना पाणी, देणगीदाराला फोटो.

तिकडे हे सगळं होऊन गेलंय, एवढाच तपशील साहेबांनी गाळला. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी या चक्र्यांसाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा केली. २०१० पर्यंत आफ्रिकेतल्या १० देशांत ४००० चक्र्या बसवायचा बेत होता. एका चक्रीच्या पैशात चारेक हातपंप झाले असते, पण हातपंपाच्या उद्घाटनाला कोण येतं? काही ठिकाणी तर चालता हातपंप उपटून तिथेच चक्री रोवली. पोरं दमली की पळाली. मग उन्हात ती जड चक्री ढकलायला उरल्या त्या बाया, त्यांत म्हाताऱ्याही. २००९ मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकानं हिशेब मांडला: ठरवलेलं पाणी काढायचं तर पोरांनी रोज २७ तास खेळावं लागेल.

"उन्हाळ्याची सुट्टी धरलीय का त्यात?" मी हा हिशेब सांगितल्यावर साहेबांनी विचारलं.

पहिली चक्री त्यांना जामखेडला हवीय. मला तिथंच धास्ती वाटते, कारण तो तालुका या बाबतीत पार बिघडलेला आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकून तिथं आलं आणि त्यांनी भलतीच खोड लावली: आधी लोकांना विचारायचं. लोक म्हणाले, दवाखाना राहू द्या, पाण्याचं आणि खाण्याचं बघा. तर हे डॉक्टर असून पाण्याच्या मागे लागले! हातपंपांची जागा दलितवस्तीत निघेल अशी तजवीज त्यांनी केली होती, असं सांगतात. म्हणजे पाणी हवं तर बाकीच्या गावानं तिकडे यावं. पुढे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचं शिकवलं, आणि त्या गावोगाव बाळंतपणं सुखरूप करू लागल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला खरा, पण या सगळ्यात फिरणारं, रंगीत असं एकही यंत्र नाही. तरी परदेशातून, अगदी आफ्रिकेतूनही लोक जामखेडला शिकायला येतात. त्यांना येताना एकेक चक्री घेऊन या म्हटलं, तर वाहतूक तरी वाचेल.

साहेबांना मी भीत भीत विचारलं, पोरं वर्गात असतील तेव्हा चक्री कोण फिरवणार? ते म्हणाले, बाया. त्यासाठी प्रस्तावात वेगळा रकाना आहे: 'महिलांचा सक्रिय सहभाग'.

टाकीवरच्या जाहिरातीसाठी अर्ज मागवलेत. पहिला आलाही, टँकरवाल्याचा. त्याला चारही बाजू हव्या आहेत.