भिंतीला कान

मिशिगनच्या हिवाळ्यात लोक बर्फ उपसतात, मी १९७२ च्या शेवरले सी-१० पिकअपमध्ये पैसे ओततो. त्यात २००९ च्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं इंजिन बसवलं, भंगारातून आणलेलं. त्याचा सहा गिअरचा बॉक्स आधीच कुणीतरी नेला होता, आणि गिअर बदलायची अक्कल त्या बॉक्सच्या पोटातच होती. मग मी चार गिअरचा ‘फोर एल सिक्स्टी ई’ आणला आणि त्याला बाजारातला एक सुटा कंट्रोलर घेतला.

कंट्रोलरचं म्हणणं साधं होतं: थ्रॉटल किती उघडलाय तेवढं सांगा, गिअर मी बघतो.

कोल्हापूरहून आबा व्हिडिओ कॉलवर होते. एसटीच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली. म्हणाले, “पायाखालची सळई कुठं गेली?”

“सळई नाही आबा. पेडल कंप्युटरला सांगतं, कंप्युटर मोटरला सांगतो, मोटर थ्रॉटलची झडप उघडते.”

“म्हंजे पाय तुझा आणि मर्जी त्याची!”

अगदी तसंच. म्हणून प्रश्न पडला, की कंट्रोलरची तार पेडलला जोडायची की झडपेला? पेडलला जोडली तर क्रूझ कंट्रोल लावल्यावर पाय जमिनीवर, झडप चढावर अर्धी उघडी, आणि गिअरबॉक्सला वाटणार मालक झोपला. तेव्हा झडपच बरी.

झडपेवर दोन सेन्सर असतात. झडप उघडताना एकाचा व्होल्ट चढतो, दुसऱ्याचा उतरतो. कंप्युटर दोघांची जबानी सतत ताडून बघतो. गाव सोडून बाहेर राहणाऱ्या दोन भावांना आई वेगवेगळा फोन करून एकमेकांची खबर काढते ना, तशी.

कंट्रोलरच्या पुस्तकात केबलवाल्या थ्रॉटलसाठी तीन तारा दाखवल्या होत्या: पाच व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. मी आज्ञाधारक. तिन्ही जोडल्या, सोल्डर केल्या, वर नळीसुद्धा चढवली. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण पेडल पार तळाला दाबलं तरी नुसतं गुरगुरत राहिलं. स्कॅनरवर पी २१३५. म्हणजे दोन्ही भावांच्या जबान्या जुळत नाहीत.

जुळणार कशा? सेन्सरला कंप्युटरचे पाच व्होल्ट मिळतच होते, त्यात मी कंट्रोलरचे पाच घुसवले. कंप्युटरला संशय आला आणि त्यानं माझ्या पायाचं ऐकणंच बंद केलं. मला राग आला, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

चाळीत वाढलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. भिंतीला कान लावणाऱ्यानं कान लावावा. शेजाऱ्याच्या घरात स्वतःचा दिवा लावू नये. सोल्डर उकलला. पाच व्होल्टची तार कापून तोंड बंद केलं. ग्राउंड सामाईक ठेवला आणि सिग्नलची एकच तार चढत्या व्होल्टवाल्या सेन्सरवर टाकली. कंट्रोलरला फक्त ऐकायचंय, ओढायचं काही नाही. पी २१३५ गेला.

पुढची भानगड ‘बंद’ शब्दाची. ही झडप विजेविना सुटली तरी स्प्रिंगच्या जोरावर किलकिली राहते. कंट्रोलरला मी तोच किलकिलेपणा शून्य म्हणून शिकवला. नंतर इंजिन गरम झाल्यावर झडप त्याहून मिटली आणि शून्याच्या खालचा आकडा आला. मग गरम इंजिनावर पुन्हा शिकवणी.

रविवारी पिकअप गल्लीत काढला. तोवर त्यानं फक्त तिसरा गिअर पाहिला होता, कारण या बॉक्सच्या दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडांची वीज तोडली की तो तिसऱ्यातच राहतो. शेजारी बायकोनं फोन धरला होता. कोल्हापुरात रात्र झाली होती, आबा जागेच. चित्र अडकत होतं, आवाज येत होता.

“दुसरा पडला,” आबा म्हणाले. मी तोंडही उघडलं नव्हतं.

कोपऱ्यापुढं रस्ता मोकळा होता. पाय दाबला.

“तिसरा पडला.” मग थोडं थांबून, “जरा उशिरा पडला बघ.”