दहा मिनिटांवरचा माणूस

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत पत्ता चुकू नये याची पुरेपूर सोय केली. नोड, सेक्टर, प्लॉट, सगळ्याला नाव नाहीतर नंबर. इतक्या आखीवरेखीव शहरात धुकं पसरवायचं तर माणूसही त्या तोडीचा हवा. तो आहे. इस्टेट एजंट.

खारघर, कामोठे, उलवे, कुठेही जा. तळमजल्याच्या गाळ्यात काचेमागे तो बसलेला असतो. फ्लॅट नक्की कुठे, असं विचारलं की म्हणतो, "अप्पर खारघर." आपण मोबाइलवर नकाशा उघडतो, तर तळोजा. "तेच ते, साहेब. आता सगळं एकच झालंय."

स्टेशन दहा मिनिटांवर. चालत की रिक्षाने, हे विचारणं असभ्यपणाचं. 'क्रीक व्ह्यू' आहे, पण त्यासाठी गच्चीत जावं लागतं. क्षेत्रफळ साडेसहाशे. कार्पेट किती? "कार्पेटचं बसून बोलू." आपण बसलेलेच असतो. रेरा कायद्याने २०१७ पासून कार्पेटचा आकडा सांगणं बंधनकारक केलं, पण त्याच्या तोंडून साडेसहाशेच निघतात. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, 'प्रोसेसमध्ये'. ताबा दिवाळीला. कुठल्या, ते नाही.

खोटं मात्र तो बोलत नाही. खोटं बोलायला आधी काहीतरी नेमकं बोलावं लागतं.

जे अजून आलेलं नाही, त्यावर त्याचा संसार चालतो. बेलापूर ते पेंधर मेट्रोने त्याला वर्षानुवर्षं पोसलं. १७ नोव्हेंबर २०२३ ला ती धावू लागली आणि कुठली इमारत स्टेशनपासून किती लांब, हे शेंबडं पोरही सांगू लागलं. मग विमानतळ. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये, विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. मधल्या काळात पनवेलच्या पलीकडचं भाताचं शेतसुद्धा 'एअरपोर्ट टच' होतं. आता विमानतळाला गेट आहे, रस्ता आहे, अंतर मोजता येतं. धंद्याची केवढी हानी! पण गडी डगमगला नाही. हल्ली तो 'तिसरी मुंबई' म्हणतो आणि म्हणताना हात साधारण पेणच्या दिशेने हलवतो.

दलालीचा विषय निघाला की मात्र धुकं क्षणात विरतं. "दोन टक्के. अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशी. जीएसटी वेगळा."

घर बघायला जाणार असाल तर त्याच्याकडे प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागा. "टाकतो ना व्हॉट्सअ‍ॅपला," असं तो म्हणेल. तोवर महारेराच्या संकेतस्थळावर स्वतःच बघून घ्या. प्रकल्प कधी पूर्ण होणार, ती तारीख तिथे वर्षासकट लिहिलेली असते.