किरकोळकर

किरकोळकर तुमच्याही ऑफिसात असणार. हिंजवडीत तर मजल्यागणिक एक सापडतो. आमच्याचं खरं आडनाव वेगळंच आहे; पण गिटमध्ये कमिट करताना गडी काहीही झालं तरी एकच ओळ लिहितो, 'माइनर चेंजेस'. म्हणून किरकोळकर.

बटणाचा रंग बदलला, माइनर चेंजेस. पेमेंटचं अख्खं मॉड्यूल उपटून नवं बसवलं, माइनर चेंजेस. एकदा त्यानं डेटाबेसमधला एक कॉलम उडवला आणि रात्री दोन वाजता सगळी टीम डोळे चोळत कॉलवर आली. त्या कमिटवर नुसतंच 'माइनर' होतं. घाईत असावा.

लिनस टोरवाल्ड्सनं 2005 च्या एप्रिलमध्ये गिट उभं केलं. लिनक्सवाल्यांना बिटकीपर फुकट मिळायचं, ते बंद झालं म्हणून. कुणी काय बदललं आणि का बदललं, हे जगभर पसरलेल्या माणसांना कळावं एवढ्यासाठी तिथे कमिटखाली परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. किरकोळकरनं त्या सोयीची देवळातली घंटा करून टाकलीय. आत शिरताना एक टोला, की झालं.

मी एकदा भांडलो.

"काय बदललं ते डिफमध्ये दिसतं की," तो म्हणाला.

"आणि का बदललं ते?"

"ते मला माहितीये ना!"

आणि खरंच माहीत असतं, हा आणखी वैताग. गिट ब्लेम चालवावं तर दर तीन ओळींआड याचंच नाव. कारण विचारायला मात्र खाली टपरीवर जावं लागतं. तिथे तो सगळं सांगतो. कुठल्या क्लायंटच्या कुठल्या साहेबानं कधी हट्ट धरला, ती विचित्र अट कोडमध्ये का शिरली, ती काढली तर कुणाचं बिल चुकेल. आमच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन एका कटिंगच्या भावात मिळतं, फक्त कटिंग आपण पाजायचा.

एडिटर अर्थातच विम. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. विम उघडलं की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी एक ओळ दिसते. ब्राम मूलनारनं ते 1991 मध्ये लोकांपुढे आणलं, पुढे पैशांऐवजी एवढीच विनंती ठेवली. आपण ती ओळ बघतो आणि बाहेर कसं पडायचं ते शोधतो. किरकोळकर दरवर्षी पैसे पाठवतो, हे मला दुसऱ्याकडून कळलं. पाठवताना शेऱ्यात काय लिहीत असेल ते ओळखा.

मग तो शुक्रवार. नव्या पोराचा पुश गिटनं नाकारला, तर पोरानं फोर्स लावून रेटला. तिघांचं आठवडाभराचं काम सर्व्हरवरून गायब. पोरगं रडवेलं, मॅनेजर 'जबाबदार कोण' या मेलचा मसुदा करण्यात गर्क. किरकोळकरनं डबा बाजूला सारला आणि स्वतःच्या मशिनवर रिफ्लॉग उघडला. सुटे पडलेले कमिटसुद्धा गिट तिथे एरवी महिनाभर तरी जपून ठेवतं. एकेक हॅश बघत त्यानं सगळं जागेवर आणलं. पोराला अक्षरानंही बोलला नाही. इतिहासात या पराक्रमाची नोंद आहे. शीर्षक सांगायला नको.

अप्रेझलच्या वेळी साहेबांनी वर्षभराचा हा इतिहास एआयकडून वाचून घेतला. निष्कर्ष निघाला: योगदान किरकोळ. पगारवाढही तशीच. त्या पोराचे कमिट मेसेज मात्र एआयच लिहितो. एक स्पेस खोडली तरी 'देखभालक्षमता वाढवणारी सर्वंकष पुनर्रचना' आणि खाली सहा मुद्दे. वर्षाचं बक्षीस त्याला.

पोरगं गुणी. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आधी किरकोळकरकडेच गेलं, मान खाली घालून. यानं दोन पेढे उचलले, एक तोंडात टाकला आणि म्हणाला, "पुश करायच्या आधी पुल करत जा रे."