पैसे भरून दमणे

रामवाडीत पहाटे धावणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "गाडी चुकली काय?" त्यांचं काही चुकत नाही. पेणच्या कडेला, मुंबई-गोवा महामार्गाला खेटून असलेली आमची रामवाडी बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ती एसटीमुळे. कोकणात जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, आणि इथला माणूस धावत असेल तर त्याच्या पुढे पन्नास पावलांवर एखादी लाल गाडी सुटत असणार, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं आहे. एका कंडक्टरने तर माझी दया येऊन बेल मारली. गाडी थांबली, दार उघडलं आणि मी हात हलवून तसाच पुढे निघून गेलो. त्यानंतर मागून जे शब्द ऐकू आले, त्यांनी माझा पुढचा किलोमीटर बराच जलद झाला.

मी हौशी धावपटू आहे. आधी अर्धमॅरेथॉन, मग पूर्ण, आणि तेवढ्याने भागेना म्हणून ट्रायथलॉन. हा प्रकार शेजारच्या काकांना समजावून सांगणं हा एक वेगळाच क्रीडाप्रकार आहे.

"आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं," मी म्हणालो.

"एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी. मधे बसायचंसुद्धा नाही."

"आणि त्याचे किती देतात?"

"देत नाहीत. आपणच भरायचे."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग घरात वळून त्यांनी काकूंना हाक मारली, "अगं, ऐकलंस का, हा पैसे भरून दमतो."

त्यांना वाटलं होतं की हे खूळ माझं एकट्याचं असावं, म्हणून मी इतिहास सांगायला घेतला. अमेरिकेच्या नौदलातल्या जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्याच्या मनात आलं, की सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारे, सायकलवाले की धावणारे, या वादाचा एकदाच निकाल लावावा. हवाई बेटांवरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं त्याने एकापुढे एक जोडली: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. हीच ती आयर्नमॅन. 18 फेब्रुवारी 1978 रोजी पंधरा जण निघाले, बारा पोचले. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांच्या आसपास पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार बराच वेळ पुढे होता, पण त्याच्याबरोबरच्या लोकांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला पाण्याऐवजी बिअर पाजली. या सगळ्या इतिहासातली काकांना मनापासून पटलेली गोष्ट एवढी एकच.

अंतराचंही तसंच. 42.195 किलोमीटर हा आकडा 1908च्या लंडन ऑलिंपिकात विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंतच्या वाटेने दिला, वगैरे सांगून उपयोग नसतो. रामवाडीत अंतर थांब्यांत मोजतात. मॅरेथॉन म्हणजे पनवेल ओलांडून पुढे. "पनवेलला इतक्या गाड्या असताना?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पोहणं मला येत होतं, म्हणजे मी बुडत नव्हतो. कोकणातल्या माझ्या वयाच्या बऱ्याच मुलांसारखा मी विहिरीत शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि मामाने काठावरून ढकलायचं. या पद्धतीत विद्यार्थी मुख्यतः मामापासून लांब जाण्यासाठी पोहतो, त्यामुळे वेग चांगला येतो. पण विहिरीत लांब असं कुठे जाता येत नाही. अर्ध-आयर्नमॅनला 1.9 किलोमीटर पोहायचं असतं. तेवढ्या फेऱ्या विहिरीत मारल्या तर बाहेर आल्यावर माणूस सायकलकडे न जाता सायकलभोवती फिरत राहील.

त्यात आमचा शेजार भारी. इथून जवळच धरमतर, आणि धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचं सागरी अंतर जलतरणवाल्यांत मानाचं. भरती-ओहोटीचं गणित जुळवून काळोखात पाण्यात उतरायचं आणि मुंबईला निघायचं. शाळकरी मुलांनी हे अंतर पार केलेलं आहे. पेपरात त्यांचे हारतुऱ्यांतले फोटो आले की आई ते पान मुद्दाम माझ्या चहाजवळ ठेवते. बोलत काही नाही. काकांचं म्हणणं असं, की पूर्वी धरमतरहून मुंबईला बोट जायची, ती बंद झाली तेव्हाच लोकांवर ही वेळ आली.

सायकलचा सराव महामार्गावर. हा रस्ता 2011 पासून रुंद होतो आहे. माझ्या सायकलच्या टायरची रुंदी 25 मिलिमीटर. रस्त्यावरच्या खड्ड्यांची मापं वेगळ्या परिमाणात घ्यावी लागतात. शर्यतीचा नियम असा, की पुढच्या सायकलवाल्यापासून 12 मीटर अंतर राखायचं, नाहीतर त्याच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि ती लबाडी धरतात. वडखळकडे जाणाऱ्या ट्रेलरवाल्यांना हा नियम कोणी सांगितलेला नाही. ते माझ्या मागे 12 इंचांवर असतात आणि वारा कमी लागावा अशी त्यांची तरी काही अपेक्षा दिसत नाही. म्हणून मी बहुधा पोयनाडच्या पुढे कार्लेखिंड चढून अलिबागकडे जातो, नाहीतर खोपोलीच्या रस्त्याला लागतो. खिंड चढताना एका म्हाताऱ्या बाईंनी डोक्यावरची पाटी सावरत मला विचारलं होतं, "गियर हायेत ना रं तिला? मग उतरून ढकल की."

मी ज्या अर्ध-आयर्नमॅनची तयारी करत होतो, ती गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. म्हणजे सरावाचे सगळ्यात महत्त्वाचे आठवडे नेमके गणपतीत येतात, आणि पेणमध्ये गणपती हा काही दीड किंवा दहा दिवसांचा मामला नाही. इथल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात. श्रावण लागला की गल्लीगल्लीत रंगाचा वास, टेम्पो, पेंढा, रात्रीचे जागते दिवे. अशा वेळी मी अरुंद रस्त्यावरून धावत निघालो की मूर्ती उचलून नेणारे चौघे एकदम थबकतात आणि माझ्याकडे पाहतात. त्या नजरेत एवढंच असतं, की बाबा रे, सोंडेला धक्का लागला तर तुझी धाव आज इथेच संपेल.

चतुर्थीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ मात्र माझ्या क्रीडाजीवनातली सोन्याची. सगळी मुंबई कोकणात निघालेली आणि रामवाडीपासून पुढे महामार्ग गच्च. चाकरमान्यांच्या गाड्या, टपावर बांधलेली मखरं, खिडकीबाहेर लोंबणारे पाय. मला त्या दिवशी लांब पल्ल्याची धाव होती. मी कडेने निघालो आणि आयुष्यात पहिल्यांदाच गाड्यांना मागे टाकू लागलो. एकदोन नव्हे, शेकड्याने. लाखोंच्या गाड्या, टुरिस्ट, एसटी, सगळ्यांना. वेग तोच नेहमीचा, ज्या वेगात एरवी मला कुत्री चालत पकडतात.

दर दहा पावलांना काच खाली व्हायची. "भाऊ, पुढे कुठपर्यंत आहे हो?" वडखळच्या बाजूला जाऊन परत फिरलो तेव्हा माझ्याकडे ताजी बातमी होती. मी धावता धावता ओरडून सांगत होतो, "नाक्यापर्यंत! नाका सुटला की चालू आहे!" लोक हात जोडत होते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडला लोक संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभे असतात, पण इथे मला चकल्या मिळाल्या. एका गाडीतल्या ताईंनी तर कामच सोपवलं. "पुढे चिपळूणची एसटी असेल, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत माझा भाऊ आहे, निळा शर्ट. त्याचा डबा आमच्याकडे राहिलाय. देता का?" मी परत उलटा फिरलो. हातात स्टीलचा तीनपुडी डबा घेऊन किलोमीटरभर धावलो, एसटी गाठली, निळा शर्ट शोधला आणि खिडकीतून डबा दिला. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "लोणचं नाही दिलं?"

घड्याळातल्या ॲपने त्या दिवशी मला कळवलं, की सरावात अचानक सुधारणा दिसते आहे.

आहाराबद्दल एवढंच सांगतो, की शर्यतीच्या आधी शरीरात पिष्टमय पदार्थ भरून ठेवावेत असं शास्त्र आहे, आणि पोह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणमध्ये राहणाऱ्याला ते कोणी शिकवायची गरज नाही. अडचण येते ती शर्यतीत. तिथे जेल नावाची एक पुडी खावी लागते, जिची चव गोड डिंकासारखी असते. घामातून मीठ जातं म्हणून क्षारांची पुडीही पाण्यात घालून प्यावी लागते. ती मी घरपोच मागवली तेव्हा आईने किंमत वाचली. आमच्या पेण तालुक्याला खाडीकाठच्या मिठागरांचा वारसा आहे. ती म्हणाली, "मीठ विकत आणलंस? पार्सलने?" मग पन्ह्याची बाटली भरून दिली, चिमूटभर मीठ आणि गूळ घालून. पुडीतही यापेक्षा निराळं फारसं काही नसतं. फक्त तिच्यावर धावणाऱ्या माणसाचं चित्र असतं.

गोव्यातली अर्ध-आयर्नमॅन शर्यत 2019 च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली. 1.9 किलोमीटर समुद्रात, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. त्या पहिल्या वर्षी सैन्यदलातला बिस्वरजित सायखोम 4 तास 42 मिनिटांत पहिला आला. मी नंतरच्या एका वर्षी उतरलो आणि तिथे मला या खेळाचं अर्थशास्त्र कळलं. आमच्या गटात प्रवेशशुल्क वेगवान माणसालाही तेवढंच आणि मलाही तेवढंच. तो पाच तासांत आटोपून आंघोळीला जातो. मी त्याच पैशांत आठ तासांच्या वर समुद्र, रस्ता, ऊन, केळी, बर्फ, स्वयंसेवकांच्या टाळ्या, सगळं वापरतो. भरलेल्या पैशांचा पुरता मोबदला कोण घेतो, हे उघड आहे. आमच्या घराण्यात एसटीचा पाससुद्धा महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत वसूल करतात.

पाण्यातलं विशेष काही सांगत नाही. कोणाची तरी टाच माझ्या नाकाला लागली, माझी कोणाच्या तरी लागली असेल. सायकलवर बरं चाललं होतं, कारण रस्ता गुळगुळीत होता आणि मला त्याची सवय नसल्याने मी उगाचच खड्डे चुकवत होतो. खरी शर्यत धावण्याची. दुपारचं ऊन, दमट हवा, आणि पाय आपले नसून आपण ते कोणाकडून तरी एका दिवसासाठी आणलेत असं वाटायला लागतं. पाण्याच्या टेबलांवरची पोरं मात्र फार गोड. एक मुलगी दर फेरीला मला म्हणायची, "अंकल, आता थोडंच राहिलं!" पहिल्या फेरीला ते साफ खोटं होतं. शेवटच्या फेरीला ते खरं झालं, तोवर तिने रिकामे ग्लास गोळा करायला घेतले होते आणि तरी तिने माझ्यासाठी एक भरलेला मागे ठेवला होता.

साडेआठ तासांच्या आत पोचलो. किती आत ते विचारू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये, जी 1921 पासून सुरू आहे आणि नव्वद किलोमीटरच्या घरात जाते, बारा तास झाले की एक माणूस धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो आणि त्यानंतर एका सेकंदानेही आलेल्याला पदक नाही. पाठ का, तर समोर कोण येतंय ते पाहून हात कापू नये म्हणून. गोव्यात बंदूक नव्हती, पण मला शेवटचे दोन किलोमीटर ती ऐकू येत होती.

घरी आलो. पदक काढून काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते हातात तोललं.

"नंबर कितवा?"

मी खरा आकडा सांगितला. चार आकडी नव्हता, एवढाच त्याचा गुण.

"मग हे कसं मिळालं?"

"जे वेळेत पोचतात त्या सगळ्यांना मिळतं."

"सगळ्यांना?" काकांनी पदक खाली ठेवलं.

मी म्हटलं, यांना जरा महाराष्ट्राच्या धावण्याची परंपरा सांगावी. 1919 साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले आणि ही माणसं ऑलिंपिकला गेली पाहिजेत असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावले. 2 तास 50 मिनिटांत. जगात एकोणिसावे आले. काका मन लावून ऐकत होते.

"एकोणिसावा! जगात!" ते म्हणाले. "मग त्याला पदक मिळालं असेल."

"नाही. ऑलिंपिकात पहिल्या तिघांनाच."

काकांनी टेबलावरचं माझं पदक पुन्हा उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि अतिशय सावकाश माझ्या हातात परत दिलं.

त्या विषयावर आमचं पुन्हा बोलणं झालेलं नाही. सराव चालू आहे. जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा. संक्रांतीचे तिळगूळ पोटात असतात आणि मुंबईच्या मावशीकडे आदल्या रात्री मुक्काम असतो, तेव्हा त्या शर्यतीला माझं वजन नेहमीच थोडं जास्त भरतं. तोवर रविवारी पहाटे मी पेण-खोपोली रस्त्याला असेन, पाठीवर लाल दिवा लावून. त्या वाटेने गाडी घेऊन जाणाऱ्यांना एक विनंती आहे. डिपर द्या, थोडं अंतर ठेवून जा, पाणी दिलंत तर उपकार होतील. पण गाडी थांबवून "सोडू का पुढे?" असं विचारू नका. पहिल्या पंधरा किलोमीटरांत मी नक्की नाही म्हणेन. त्यानंतरचं माझ्या हातात नाही.